सिंगापुरात बसून श्रीलंकेचा नकाशा

श्रीलंकेतलं युद्ध संपलं. उत्तरेकडच्या गावांची पुन्हा उभारणी करायची, ती शाश्वत करायची, आणि आराखडा ठरवताना तिथल्या तरुण मुलामुलींना सामील करून घ्यायचं. इथपर्यंत सगळं मान्य. पण त्यासाठी श्रीलंकेतली मुलं, श्रीलंकेतले साहेब आणि पुण्यातली मी, असे सगळे सिंगापुरात का जमलो, याचं उत्तर मला परत येऊन चार महिने झाले तरी मिळालेलं नाही. कुणाला विचारलं की "न्यूट्रल व्हेन्यू" म्हणतात. म्हणजे काय, तर जिथे कुणाचंच काही नाही अशी जागा. तिथे बसून कुणाचं काय कुठे हवं ते ठरवायचं!

मी नगररचना खात्यातून निवृत्त झालेली बाई. उभा जन्म नकाशे काढण्यात गेला. निवृत्तीनंतर माझ्याच हाताखाली तयार झालेल्या शिरीषने पुण्यात सल्लागार कंपनी काढली, तिथे मी आठवड्यातून तीन दिवस जाते. या कार्यशाळेसाठी लागणारा मूळ नकाशा आमच्या ऑफिसने केला होता, म्हणून तज्ज्ञ म्हणून एकाला बोलावणं आलं. शिरीषला वेळ नव्हता. "मॅडम, तुम्हीच जा. भाचीकडे राहणंही होईल," तो म्हणाला. फुकटचं सिंगापूर कोण सोडतंय? मीही गेले.

पहिला दिवस: स्वेटर आणि झाड

माझी भाची प्राजक्ता नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर आहे आणि जवळच तोआ पायोहला राहते. सकाळी निघताना तिने हातात स्वेटर ठेवला. "अगं, बाहेर घामाच्या धारा लागल्यात," मी म्हटलं. "बाहेर, मावशी. तू आत बसणार आहेस ना?" तिची तेरा वर्षांची लेक ईरा म्हणाली, "मावशीआजी, यू विल फ्रीझ, लाह." हे 'लाह' म्हणजे सिंगापुरी बोलण्याचं शेपूट. या पोरीशी मी मराठीत बोलते, ती मला इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींनाही आपलंच बरोबर वाटतं.

पोरगी बरोबर होती. हॉटेलातल्या त्या हॉलमध्ये भाजी आठवडाभर टिकली असती. स्टेजवर प्लास्टिकच्या फ्लेक्सवर 'शाश्वत उद्या' लिहिलेलं, प्रत्येक खुर्चीपुढे पाण्याची प्लास्टिकची बाटली, आणि श्रीलंकेहून आलेली वीस मुलं हात बगलेत खुपसून बसलेली. पुढच्या सोफ्यावर त्यांच्या मंत्रालयाचे एक संचालकसाहेब होते. दोन फोन, काळा कोट. चौथ्या दिवशी मुलांचा आराखडा ते स्वीकारणार आणि कोलंबोला नेऊन मंजूर करून घेणार, असा बेत.

कार्यशाळा चालवणारा डॅरेन हा सिंगापूरचाच मुलगा. उत्साह असा की बघूनच आपण दमावं. त्याच्याकडे एक छोटी घंटी होती. ती वाजवून तो म्हणाला, "प्रत्येकाने सांगा, तुम्ही झाड असता तर कोणतं झाड असता?"

युद्धातून उठलेली मुलं हो ही! कुणाचा भाऊ गेलेला, कुणाची शाळा गेलेली. आणि आपण त्यांना विचारतोय, झाड कोणतं. माझी पाळी आली तेव्हा मी "बाभूळ" म्हटलं. "वाव! का?" "काटे असतात म्हणून." डॅरेनने टाळ्या वाजवल्या. या मुलाचा अपमान करणं शक्य नव्हतं.

भिंतीवर त्याने एक मोठा पांढरा कागद लावला आणि वर लिहिलं 'पार्किंग लॉट'. विषयाबाहेरचा प्रश्न कुणी काढला तर तो चिठ्ठीवर लिहून तिथे चिकटवायचा. म्हणजे प्रश्नाचा मान राहतो आणि वेळही जात नाही. जेवायच्या सुट्टीपर्यंत तिथे सात चिठ्ठ्या लागल्या होत्या. मी उठून वाचल्या. 'आमच्या जमिनीचे कागद कुणाकडे आहेत?' 'सुरुंग काढून झाले का?' 'आम्हाला परत कधी जाता येईल?' हे विषयाबाहेरचे! मग विषय तरी काय होता, बाबा?

दुसरा दिवस: ठिपके

दुसऱ्या दिवशी टेबलांवर आमचा नकाशा पसरला. समुद्र, खाजण, एक छोटं शहर, रस्ता, आणि खाजणाच्या वरच्या अंगाला मोठा हिरवा पट्टा. छपाई छान झाली होती. मला आपलं उगाच बरं वाटलं.

नियम असा की मूळ नकाशाला हात लावायचा नाही. त्याच्यावर आपापल्या कल्पनांची चित्रं चिकटवायची. सौरदिवा, सायकलचा रस्ता, खेळाचं मैदान, चित्रं तयारच होती. मग प्रत्येकाला तीन लाल ठिपके मिळणार, आवडलेल्या कल्पनेवर ते लावायचे. ज्या कल्पनेला जास्त ठिपके, ती आराखड्यात पहिली.

माझ्या टेबलावर पाच जण. त्यातला नुवान हा दक्षिणेकडचा सिंहली मुलगा, वास्तुशास्त्र शिकणारा, तोंडाचा पट्टा चालू. आणि दर्शिनी ही उत्तरेकडची तमिळ मुलगी, वीस-एकवीसची, तोंडातून चकार शब्द नाही. कागदपत्रांची एक प्लास्टिकची फाइल मांडीवर घट्ट धरून बसायची. नुवानने हिरव्या पट्ट्यात पक्षी बघण्याचा मनोरा उभा केला, त्याला जोडून निसर्ग-पायवाट काढली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. दर्शिनीच्या हातात सौरदिव्याचं चित्र तासभर तसंच होतं.

माझा पारा चढला. आयुष्यभर मी लोकसहभागाच्या सभा घेतल्यात. लोक बोलत नाहीत आणि मग दहा वर्षं शिव्या देतात, हे मला पाठ आहे. मी म्हटलं, "अगं बाई, विमानाने इतक्या लांब आणलंय तुला, तुला काहीच सुचत नाही का? तुझ्याच भागाचा नकाशा आहे हा. लाव की कुठेतरी!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पुढच्या सोफ्यावरच्या साहेबांकडे पाहिलं. दिवा खाली ठेवला आणि आपले तिन्ही लाल ठिपके नुवानच्या मनोऱ्यावर लावून टाकले. मनोरा पहिला आला. डॅरेनने घंटी वाजवली. मी घरी येऊन प्राजक्ताला म्हटलं, "आजकालच्या मुलांना स्वतःचं मत म्हणून काही नाही गं." तिने आणखी एक पोळी वाढली.

तिसरा दिवस: तोआ पायोहचे आजोबा

तिसऱ्या दिवशी क्षेत्रभेट. सिंगापूरने लोकांना घरं कशी दिली ते पाहायचं, तेही तोआ पायोहमध्ये. म्हणजे जिथून मी सकाळी निघून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, हॉटेलात गेले, तिथेच मला बसमध्ये घालून परत आणलं. आधी कळलं असतं तर तासभर जास्त झोपले असते.

जागा मात्र बघण्यासारखी आहे, ते कबूल. जुनी वसाहत, पण लिफ्ट चालू, जिने झाडलेले, इमारतींच्या खाली मोकळी सावली, तिथे म्हातारी माणसं पट मांडून बसलेली. आपल्याकडे अशी मोकळी जागा दिसली की महिन्याभरात तिथे गाळे निघतात. हॉकर सेंटर म्हणजे खाण्याच्या गाड्यांची मंडई, तिथे मी "व्हेज, व्हेज" असं दहादा सांगून भात आणि तीन भाज्या घेतल्या. तिसऱ्या घासाला दाताखाली सुकटीसारखं काहीतरी आलं. "ड्राय श्रिंप, ओन्ली लिटल," विकणारी बाई म्हणाली. लिटल! मी ताट सरकवलं आणि केळं खाल्लं. दर्शिनी शेजारी होती. तिने नारळ-साखर घातलेल्या शेवया घेतल्या होत्या, आमच्याकडे या रश्श्याबरोबर खातात म्हणाली. तीन दिवसांतलं तिचं ते पहिलं वाक्य.

आमच्या टेबलावर एक तमिळ आजोबा कॉफी पीत बसले होते. आजोबांना बोलायला माणूस हवाच होता. शेवया आणि बोलण्याची ढब दोन्ही ओळखून त्यांनी दर्शिनीला गाठलं. दोघांची तमिळमध्ये गाडी सुरू झाली, मधूनमधून ती मला इंग्रजीत सांगायची. इमारती व्हायच्या आधी आजोबांचं गाव होतं, पत्र्याची छपरं, मागे झाडं, कोंबड्या. पुढे सगळं उठवलं आणि फ्लॅट दिला.

"फ्लॅट चांगला आहे का?" तिने विचारलं.

"संडास चांगला. शेजार नाही चांगला."

"तुम्हाला उठवण्याआधी विचारलं होतं?"

आजोबा हसले. "विचारतंय कोण? दोनदा आले. एकदा मोजायला, एकदा उठवायला. पण मोजलं मात्र सगळं. फणस मोजले, नारळ मोजले, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा मोजलं. त्याचे पैसे दिले."

दर्शिनीने हे मला सांगितलं आणि तिचा आवाज बदलला. "आमच्याकडे मोजायलासुद्धा कुणी आलं नाही, मॅडम." मग तिने खिशातून कागदाची घडी काढली. आमचा नकाशा, छोट्या आकारातला. हिरव्या पट्ट्याच्या मधोमध तिने बोट ठेवलं. "हे आमचं घर आहे."

मला वाटलं, तिला नकाशा वाचता येत नाही. मी समजावून सांगायला लागले की हिरवा म्हणजे जंगल, वस्ती पिवळ्या रंगात असते. तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "युद्धात सगळं गाव एका दिवसात निघालं. मी तेव्हा आईच्या कडेवर होते. कुणालाच परत जाऊ दिलं नाही, म्हणून झाडं वाढली. गेल्या वर्षी आई आणि मी लपून जाऊन आलो. आत चार विहिरी आहेत. देवळाचा चौथरा आहे. शेवगा आहे, मॅडम, ओळीने. शेवगा जंगलात कुठून येणार? तो घराच्या मागे लावतात."

मग तिने फाइल उघडली. जमिनीचं खरेदीखत, गावच्या शाळेच्या हजेरीचं पान, तिच्या आजोबांच्या नावाची कराची पावती. गावातली चाळीस कुटुंबं नातेवाइकांकडे कोपऱ्यात राहताहेत, आणि परत जाण्यासाठी त्यांनी अर्ज केलाय. पुढच्या महिन्यात सुनावणी. तिथल्या सरकारी ऑफिसातला माणूस आईला म्हणाला होता, नव्या आराखड्यात गाव असेल तर बघू. एकदा तो पट्टा जंगल म्हणून मंजूर झाला की आत पाऊल टाकणं गुन्हा. म्हणून ही पोरगी इथे आली होती, आणि पहिल्याच दिवशी तिने नकाशात आपलं गाव शोधलं होतं.

"मग तू मनोऱ्याला ठिपके का दिलेस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"साहेब बघत होते. अर्ज त्यांच्याच खात्यात आहे. मी ठिपके दिले नसते तर त्यांनी माझं नाव विचारलं असतं." फाइल मिटत ती म्हणाली, "आणि तुम्ही रागावलात."

आता सांगते, त्यावेळी मला काय वाटलं. लाज वाटली. कारण तो पट्टा आमच्या 'ऑफिसने' रंगवला नव्हता. तो मी रंगवला होता, मी स्वतः. पुण्यात, पंख्याखाली, चहा पीत. उपग्रहाच्या चित्रात दाट झाडी दिसली, हिरवा भरला, पुढच्या चौकोनाकडे गेले. श्रीलंकेत मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. जागेवर न जाता रंग भरला म्हणून मी शिरीषला एकेकाळी चारचौघांत रडवलं होतं. नोकरीत असताना भूकंपानंतरच्या गावांमध्ये, शहरातून आखून आलेले नकाशे बघून मी वरिष्ठांशी भांडले होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

संध्याकाळी मी डॅरेनला गाठलं. "मूळ नकाशा चुकलाय. दुरुस्त करायचाय."

त्याचा चेहरा पडला. "मॅडम, नकाशा फ्रीझ झालाय. कॅनॉट." मग तो उजळला. "पण पार्किंग लॉटमध्ये टाकू शकतो!"

चौथा दिवस: हॉल आणि जेवणाचं टेबल

सकाळी शिरीषला फोन केला. सगळं सांगितलं, चूक सगळ्यांसमोर कबूल करणार म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, हात दाखवून अवलक्षण कशाला? हे काम गेलं तर पुढची दोन जातील. शिवाय त्यांनी मागितलं होतं फक्त उपग्रहावरून. आपण कुठे चुकलो?" कायद्याने तो बरोबर होता. त्याच्या ऑफिसात सहा जण काम करतात, त्यांचे पगार याच कामांवर चालतात, तेही मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "नाव माझं घाल. सांग, म्हातारीची चूक." तो म्हणाला, "तसं मी कसं म्हणणार?" आणि फोन ठेवला.

समारोपाला मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं की हा हिरवा पट्टा मी तिथे न जाता रंगवलाय, त्यात गाव असू शकतं, जागेवर पाहणी होईपर्यंत हा आराखडा मंजूर करू नये. दर्शिनीचं नाव मी घेतलं नाही. नुवान आपल्या मनोऱ्याकडे बघत बसला होता.

संचालकसाहेब प्रसन्न हसले. "मॅडमचा प्रामाणिकपणा तरुणांना प्रेरणा देणारा आहे," ते म्हणाले. "हा मुद्दा आपण अवश्य नोंदवून ठेवू." डॅरेनने चिठ्ठी लिहून भिंतीवर लावली. मग सगळ्यांचा फोटो काढला, आणि साहेब आराखडा गुंडाळून विमानतळाकडे गेले. अहो, माणूस भांडला असता तर मी भांडले असते. पण स्तुती करून वाटेला लावणाऱ्याशी कसं भांडायचं, ते मला सरकारी नोकरीतही कधी जमलं नाही.

मुलांचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. दर्शिनी संध्याकाळी विचारत विचारत एकटी तोआ पायोहला आली. प्राजक्ताने तिला वरण-भात वाढला. वरणावरचं तूप बघून ती पहिल्यांदा मनापासून हसली, आमच्याकडे डाळीत नारळाचं दूध घालतात म्हणाली, आणि दोनदा भात घेतला. जेवण झाल्यावर तिने टेबल पुसलं आणि कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

"हॉलमध्ये बोललात ते सुनावणीत चालणार नाही, मॅडम. लिहून द्याल का?"

दिलं. इतक्या वर्षांच्या सवयीने भराभर लिहिलं. 'उपग्रह-प्रतिमेतील अस्पष्टतेमुळे सदर क्षेत्राच्या वर्गीकरणात काही त्रुटी राहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' इंग्रजीत हे आणखी भारदस्त दिसतं. तिने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"मॅडम, चित्र स्पष्ट होतं. झाडं होती, झाडंच दिसली. उपग्रहाची काही चूक नाही. झाडांच्या खाली बघायला कुणी आलं नाही, एवढंच झालं. ते लिहा."

मला राग आला, खोटं का सांगू? नातीच्या वयाची पोर मला पत्र लिहायला शिकवणार? मी प्राजक्ताकडे पाहिलं. ती म्हणाली, "मावशी, ती बरोबर बोलतेय." मग मी दुसरा कागद घेतला आणि लिहिलं, 'हा नकाशा मी केला. मी तिथे गेले नव्हते. जंगल असं मी ठरवलं, त्याला दुसरा आधार नाही.' सही, पूर्ण नाव, निवृत्त पद, फोन नंबर. तिने ते फाइलमध्ये खरेदीखताच्या वर ठेवलं. तिला स्टेशनपर्यंत सोडायला प्राजक्ता गेली, मी नाही गेले. माझे गुडघे दुखत होते आणि मनही ठिकाणावर नव्हतं.

पुणे

परत आल्यावर शिरीष आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. आता जरा निवळलाय. छापील अहवाल आला, गुळगुळीत कागदावर. हिरवा पट्टा जागच्या जागी, मनोऱ्यासकट, आणि शेवटी 'तरुणांच्या सक्रिय सहभागातून' म्हणून वीस नावं. दर्शिनीचंही. तिने दिलेले तीन ठिपके आता तिच्याच गावाच्या विरोधात पुरावा झालेत. तो अहवाल मी कपाटावर टाकलाय, समोर नको.

सुनावणी दोनदा पुढे गेली. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. या वेळी सुनावणीच्या अधिकाऱ्यांनी माझं पत्र वाचलं म्हणे.

"मग? काय म्हणाले?"

"ते म्हणतात, मॅडम, तुम्ही इथे आला नव्हता याचा पुरावा काय?"

मी कपाळावर हात मारला. गेले असते तर तिकीट दाखवलं असतं, हॉटेलचं बिल दाखवलं असतं. न जाण्याची पावती कुठे मिळते? ज्या माणसांना नकाशा करताना मी तिथे गेले होते का, हे विचारावंसं वाटलं नाही, त्यांना आता मी गेले नव्हते याची खात्री हवी होती. दर्शिनी पलीकडून शांतपणे म्हणाली, "पुढची तारीख अठरा दिवसांनी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पासपोर्ट घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने पहिलं पान काढलं, सिंगापूरच्या शिक्क्याचं पान काढलं, आणि बाकीची चाळून पासपोर्ट मिटून माझ्याकडे दिला.

"काकू, पुढची सगळी कोरीच आहेत."

"तीच काढ," मी म्हटलं. "सगळी. मला प्रत्येकावर सही करायची आहे."